माचू पिचू, बुधवार, सकाळी आठ

किस्से फ्रीजमधल्या डब्यांसारखे असतात. रोज एक आत जातो, बाहेर कुणी काढत नाही, आणि एक दिवस दार लागेनासं होतं. आमच्या सिंगापूरच्या ग्रुपचं पेरूच्या ट्रिपच्या बाबतीत तेच झालंय. ट्रिपला वर्ष होऊन गेलं, तरी दर पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी विषय काढतंच, आणि जो तो आपापल्या सोयीने सांगतो. माझा नवरा शिरीष सांगतो तेव्हा त्यात त्याची उलटी नसते. वैशालीताई सांगतात तेव्हा त्यात फक्त कुकर असतो. मी बँकेत दिवसभर लोकांची कागदपत्रं तपासते, मला असलं अर्धवट चालत नाही. म्हणून एकदाच सगळं क्रमाने सांगून टाकते आणि सुटते.

*

सुरुवात आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाली. समीर आणि केतकी आमच्याच काँडोत राहतात, दोन ब्लॉक सोडून. समीरचे वडील, म्हणजे अण्णा, त्यांच्याकडे लाँग टर्म व्हिजिट पासवर आले होते. वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याकडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला, आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेली एक स्टेंट. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते आणि वर्षअखेरीच्या रजेत कुठे जायचं यावर नेहमीची हुज्जत चालली होती. केतकीला जपान हवं होतं, शिरीषला न्यूझीलंड, आणि वैशालीताईंना जिथे नीट व्हेज मिळेल ते काहीही. वैशालीताई आमच्या ग्रुपमधल्या थोरल्या. अकाउंटंट आहेत, एकट्या राहतात, आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात हक्काने शिरतात.

अण्णा कधी काही मागत नाहीत. चहात साखर नसली तरी तसाच पितात. त्या दिवशी ताकभात कालवता कालवता म्हणाले, "माझं माचू पिचू बघायचं राहिलंय."

पेरू देशातल्या अँडीज पर्वतात इंका लोकांनी बांधलेलं ते दगडी शहर. अण्णांनी अँडीजचा धडा बत्तीस वर्षं शिकवला, आणि तोही अशा नकाशावर ज्याची डावी कड उंदरांनी खाल्ली होती. दक्षिण अमेरिका होती, पण अँडीज असायला हवा तिथे भोक होतं. त्या भोकातून दिसणाऱ्या भिंतीवर बोट ठेवून ते पोरांना सांगायचे की इथे जगातली सर्वांत लांब पर्वतरांग आहे असं समजा.

समीर म्हणाला की यूट्यूबवर फोर-केमध्ये आहे, मोठ्या टीव्हीवर लावून देतो. अण्णांनी ताक संपवलं, हात धुतले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी केतकीचा मला फोन आला की अण्णा सकाळपासून टीव्हीच्या खोलीकडे फिरकलेले नाहीत. मी म्हटलं, संपलं, आता पेरूच.

त्यानंतर समीरने ही ट्रिप तीनदा रद्द केली. एकदा स्टेंटमुळे, एकदा उंचीमुळे, आणि एकदा नुसतंच "मला नीट वाटत नाहीये" म्हणून. डॉक्टरांनी जायला हरकत घेतली नाही, पण यापुढे एवढा लांबचा प्रवास नको असं बजावलं. म्हणजे अण्णांसाठी ही एकच खेप. आणि तिथली तिकिटं म्हणजे डोक्याला ताप. दिवस ठरलेला, तास ठरलेला, आत चालायचा मार्गसुद्धा ठरलेला. एका दिशेने चालायचं, मागे फिरायचं नाही, बाहेर पडलं की परत आत नाही. आम्हाला बुधवार सकाळी आठची मिळाली. अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं की डिसेंबर म्हणजे तिकडे पावसाचे दिवस. पण रजेच्या अर्जापुढे भूगोलाच्या मास्तरांचं कोण ऐकतंय!

*

मग शिरीषने ट्रेनिंग काढलं. शिरीष प्रोसेस इंजिनियर आहे, रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत जातो, आणि कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पेरूतलं कुस्को शहर तेहतीसशे-चौतीसशे मीटरवर आहे. सिंगापूरमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बुकित तिमा, उंची एकशे त्रेसष्ट मीटर. पुण्याच्या माणसाला त्याला टेकडी म्हणायचीही लाज वाटेल. शिरीषचं म्हणणं होतं की तोच वीस वेळा चढला की झालं.

मी म्हटलं की अरे, वीस वेळा चढलास तरी प्रत्येक वेळी खालीच येतोस ना! त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

पावसामुळे बुकित तिमा जमेना तेव्हा वैशालीताईंच्या एचडीबी ब्लॉकचे, म्हणजे सरकारी इमारतीचे, जिने चढायचं ठरलं. पंचवीस मजले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. समीर, केतकी, शिरीष आणि मी एका मागोमाग एक. अण्णा खाली व्हॉइड डेकवरच्या, म्हणजे मोकळ्या तळमजल्यावरच्या, बाकावर पेपर वाचत बसायचे. हवा विरळ असण्याची सवय दाट हवेत होत नाही, एवढं एकदाच म्हणाले आणि पुन्हा पेपरात घुसले.

तिसऱ्या रविवारी अकराव्या मजल्यावरच्या एक चिनी आंटी दारात उभ्या राहून आमच्याकडे कळवळून बघत होत्या. चौथ्या रविवारी खाली आलो तर लिफ्टच्या दाराशी पेटी उघडून एक टेक्निशियन बसलेला. आंटींनी तक्रार केली होती की दर रविवारी लिफ्ट बंद असते आणि बिचारी माणसं तांदूळ पाठीवर वाहून नेतात. टेक्निशियनने शिरीषला विचारलं की नक्की काय बिघाड होतो. शिरीषने त्याला अँडीज समजावून सांगितला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अंकल, लिफ्ट ओके लाह," तो म्हणाला. "यू टेक लिफ्ट."

*

शेवटची रंगीत तालीम पुलाउ उबीनला. सगळं सामान घेऊन बमबोटीतून, म्हणजे तिथल्या छोट्या लाकडी मोटारबोटीतून, बेटावर जायचं, भाड्याने सायकली घ्यायच्या आणि दिवसभर पाऊस असो ऊन असो थांबायचं नाही, असा केतकीचा हुकूम. तिने प्रत्येकाला नवाकोरा पॉन्चो, म्हणजे झग्यासारखा रेनकोट, दिला होता. बत्तीस डिग्रीत पॉन्चो घालून सायकल चालवणं म्हणजे स्वतःला उकडत ठेवणं. पाऊस तर आलाच नाही.

वैशालीताईंनी थेपले, मेतकूट आणि दोन प्रकारच्या चटण्या आणल्या होत्या. आम्ही पॉन्चो काढायला थांबलो तेवढ्यात झाडीतून एक रानडुक्कर आलं, अगदी निवांत, आणि थेपल्यांची पिशवी तोंडात धरून निघालं. समीर त्याच्यामागे दहा पावलं धावला. त्याच पिशवीत अण्णांच्या हृदयाच्या गोळ्यांचा एक संच होता, आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून आणलेल्या सगळ्यांच्या गोळ्यासुद्धा. एकाच पिशवीत का, असं मी विचारलं तर वैशालीताई म्हणाल्या की जेवणानंतर घ्यायच्या असतात ना.

गोळ्यांचा डबा पुढे वीस पावलांवर सापडला, बंदच. थेपले गेले ते गेले. त्या रात्री समीरने ट्रिप चौथ्यांदा रद्द केली, पण तोपर्यंत आम्ही त्याचं मनावर घेणं सोडलं होतं.

*

दोन विमानं बदलून, दिवस-रात्रीचा पत्ता न लागता आम्ही कुस्कोला पोचलो. विमानतळाच्या दारातच शिरीष थांबला आणि म्हणाला की त्याला जरा बसायचंय. तो बसला, तिथेच उलटी केली, आणि पुढे दोन दिवस उठलाच नाही. समीरचं डोकं इतकं दुखत होतं की खोलीतला पडदासुद्धा आवाज करतोय म्हणायचा. केतकीला पायऱ्या दोन-दोन दिसत होत्या. मी सगळ्यांना पाणी देत होते आणि मध्येच भिंतीला टेकत होते. बुकित तिमाचे जमले तेवढे चढ, पंचवीस मजल्यांचे चार रविवार, सगळं पाण्यात!

अण्णा ठणठणीत. सकाळी उठून, कानटोपी घालून, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण बाईंनी दिलेला कोकाच्या पानांचा चहा पिऊन ते मुंगीच्या पावलांनी चौकात जायचे आणि दोन तासांनी मुंगीच्याच पावलांनी परत यायचे. एक स्पॅनिश शब्द येत नसताना त्यांनी मंडईत मक्याचे नऊ रंग बघितले, मोठमोठ्या दगडी भिंतींचे सांधे बोटाने चाचपले, आणि एका आजींकडून लोकरीचे मोजे आणले.

समीरने बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलं होतं, खास अण्णांसाठी. दर दोन तासांनी तो पडल्या पडल्या अण्णांना बोलवायचा. अण्णांचा आकडा दर वेळी त्याच्यापेक्षा सात-आठने जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ते यंत्र आपल्या बोटातून काढलं, समीरच्या बोटाला लावलं, आकडा बघितला आणि घरमालकीण बाईंना सांगून त्याच्यासाठी ऑक्सिजनची नळी मागवली. समीर नळी लावून पडला होता आणि त्यातूनच वडिलांना सांगत होता की जपून राहा, धावपळ करू नका.

*

आता कुकर. सिंगापूरमध्येच मी ग्रुपवर लिहिलं होतं की कुकर न्यायचा नाही. पोल घेतला होता, पाच विरुद्ध एक. वैशालीताईंनी पोलच्या खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं. मला वाटलं, मान्य केलं.

कुस्कोत चौथ्या दिवशी शिरीषला जरा हुशारी वाटली आणि तो म्हणाला की आज मी वरणभात करतो. पातेल्यात तांदूळ शिजत ठेवले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, पाणी खळाखळा उकळतंय आणि तांदूळ खड्यासारखे. शिरीष आणखी पाणी घालायचा, झाकण ठेवायचा, झाकण काढून बघायचा. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून भात शिजत नाही. आठवीच्या पोराला ठाऊक असतं. शिरीष तर जुरोंग आयलंडवर वीस वर्षं दुसरं काही करतच नाही.

वैशालीताई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या, आणि मोज्यांमध्ये गुंडाळलेला तीन लिटरचा कुकर आणून ओट्यावर ठेवला.

"तुझी कंपनी तुला पगार नक्की कशाचा देते रे?" त्यांनी विचारलं.

मी चिडले होते, पण भूक त्याहून जास्त होती. तीन शिट्ट्या झाल्या. शिट्ट्या ऐकून घरमालकीण बाई वर आल्या. आम्हाला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी कुकरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि वाकून ओट्याखालचं कपाट उघडलं. आत दोन कुकर होते, एक पाच लिटरचा आणि एक सात. त्या गावात म्हणे कुकरशिवाय कुणाचं घरच चालत नाही. फोनवर भाषांतर करून त्यांनी वैशालीताईंना विचारलं की एवढ्या लांबून हे ओझं कशाला आणलंत.

वैशालीताई पॉटलकला किस्सा सांगतात तेव्हा तो तिसऱ्या शिट्टीवर संपतो.

*

मंगळवारी आम्ही सगळे एकदाचे उभे राहिलो आणि आमचा गाईड विल्बर आम्हाला इंकांची 'पवित्र दरी' म्हणतात त्या खोऱ्यात घेऊन निघाला. विल्बर तिशीचा, हसरा, इंग्रजी चांगलं. बिचाऱ्याला कल्पना नव्हती. पहिल्या तटबंदीवर समीर म्हणाला, "आपल्या राजगडासारखंच आहे." डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर केतकी म्हणाली की आपल्याकडे कोकणात अशीच भातखाचरं असतात. मिठाच्या आगरांवर शिरीषने उरणची आठवण काढली. इतक्या लांब येऊन माणसं आपलंच गाव बघत होती. मी सांगितलं की यापुढे जो "आपल्यासारखं" म्हणेल त्याला गाडीत पुढची सीट नाही. तासाभरात पुढची सीट रिकामी.

पिसाक गावच्या बाजारात विल्बरने बटाट्यांच्या राशी दाखवल्या. जांभळे, काळे, पिवळे, बोटाएवढे. म्हणाला की बटाटा मूळचा इथला, इथून जगभर गेला. वैशालीताईंना ते पटेना. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान डोलावली आणि पुढे यादीच दिली. रताळंही या खंडातलं. शेंगदाणाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही. मिरचीही. राजगिऱ्याची भावंडं समोरच्या पोत्यात होतीच.

वैशालीताई तीस वर्षं चतुर्थी करतात. त्या बटाट्यांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. पाचशे वर्षांच्या भिंती बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं नव्हतं ते आता आलं होतं.

"म्हणजे बटाटा यायच्या आधी," त्या हळूच म्हणाल्या, "लोक खरंच उपाशी राहायचे?"

*

बुधवार. पायथ्याच्या गावातून पहाटेच्या बसने नागमोडी रस्त्याने वर चढलो आणि आठला दहा मिनिटं कमी असताना दाराशी होतो. पासपोर्ट मी सहाही जणांचे दोनदा तपासले होते. अण्णांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर केतकीचा तो निळा पॉन्चो, आणि हातात काठी. पाऊस पडत होता. धुकं इतकं की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसायची.

पायऱ्या चढून वरच्या कट्ट्यावर आलो. संपूर्ण शहर दिसतं ती हीच जागा. इथून पुढे मार्ग खाली उतरतो आणि मग हे दृश्य पुन्हा नाही. समोर पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं. सहा महिने, दोन विमानं, ऑक्सिजनची नळी, आणि समोर धुतलेल्या चादरीसारखं पांढरं! मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. समीर तर अण्णांकडे बघतच नव्हता.

तिथे शिट्टी घेतलेला एक रखवालदार असतो. लोकांना थांबू देत नाही, पुढे काढतो. विल्बरने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, बहुतेक अण्णांचं वय. त्याने बोटांनी दहा मिनिटं अशी खूण केली. दहाची पंधरा झाली. आमच्यामागे रांग साठली. धुकं हललं नाही. फोन आम्ही सगळ्यांनी पावसापासून वाचवायला आत ठेवून दिले होते, काढायचं कारणही नव्हतं.

अण्णांनी एकदा समोर नीट बघून घेतलं. मग ते वळले. धुक्याकडे पाठ, आमच्याकडे तोंड. म्हणाले की दिसत नाही तर नाही, समजून तर घ्या. आणि सुरू झाले. तुमच्या डाव्या हाताला, माझ्या नव्हे, उंचवट्यावर एक कोरलेला दगड आहे, त्यावरून ते सूर्याचा हिशेब ठेवत. मधे हिरवं मोकळं मैदान. उजव्या हाताला घरांच्या ओळी, सगळ्या बिनछपराच्या. त्यांच्यामागे सरळ उभा सुळका. आणि खाली, खूप खाली, तिन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेली नदी. मागे न बघता त्यांची काठी बरोबर फिरत होती. विल्बर बघत राहिला. मग, मराठी कळत नसताना, नुसती काठी कुठे जाते ते बघून त्याने हळू आवाजात मागच्या लोकांसाठी इंग्रजी करायला सुरुवात केली. रांगेतले लोक गोळा झाले. रखवालदाराची शिट्टी हातातच राहिली.

आणि अण्णांच्या मागे धुकं फाटलं.

आधी सुळका. मग मैदान, इतकं हिरवं की डोळे दुखावे. मग घरं, ओळीने, सगळी बिनछपराची, पावसाने चमकणारी. आणि खाली नदीचा वळसा. सगळ्यांची तोंडं उघडी पडली. विल्बरचं इंग्रजी बंद झालं. अण्णांना वाटलं, वर्ग रंगलाय. त्यांचा आवाज चढला.

समीर पुढे झाला. "अण्णा—"

अण्णांनी हात वर केला. "मध्ये बोलायचं नाही. शंका शेवटी."

आणि पंचेचाळीस वर्षांचा, ऑफिसात अर्धा मजला माणसं हाताखाली असलेला समीर गप्प बसला. अण्णा त्याचेही मास्तर होते, पाचवी ते दहावी. तुम्ही म्हणाल, बाकीचे काय करत होतात? मी रोज याच प्रश्नाने स्वतःचं डोकं खाते. आम्ही बघत होतो. शेवटी केतकीने धावत जाऊन त्यांना खांद्याला धरून वळवलं.

अण्णांनी चष्मा पॉन्चोच्या आतून शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. समोर पांढरं होतं.

त्यांनी आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, आणि त्यांना कळलं.

"दिसलं तुम्हाला?"

केतकी 'हो' म्हणाली.

"कसं होतं?"

"तुम्ही सांगितलंत तसंच," समीर म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली. काठी उजव्या हातात घेतली. "मग ठीक आहे. चला पुढे, मागची माणसं खोळंबलीत."